आधी जखमी, मग पळालेला



नारायणगावच्या अलीकडे, भर दुपारी, टोमॅटोचे क्रेट भरलेल्या एका पिकअपने माझ्या डोळ्यांदेखत मोटारसायकलवाल्याला उडवलं. पिकअप क्षणभर थबकला आणि सुसाट सुटला. मागच्या दोन गाड्यांतली चार पोरं "पकडा रे त्याला" म्हणत त्याच्या मागे गेली. रस्त्यावर उरलो तो जखमी आणि मी. एका हाताने त्याच्या मांडीवर टॉवेल दाबून धरला होता, दुसऱ्या हाताने अंगावर येणाऱ्या गाड्यांना खुणा करत होतो. त्या वेळी मला त्या चौघांची फार गरज होती.

त्यांच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. माझाही हात गिअरवर गेलाच होता. पण पळणारा मुळातच बिथरलेला असतो, मागे कुणी लागलं की तो आणखी दामटतो. पुढे गाव असतं, शाळा सुटलेली असते. शिवाय त्याला गाठलं तर पुढे काय? जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी संप केला तेव्हा ते हेच सांगत होते, की थांबलो तर जमाव जीव घेतो. जमावाची प्रत्येक मारहाण पुढच्या चालकाला पळायला शिकवते, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याचंही पाहा. सामान्य नागरिकाला गुन्हेगार पकडता येतो, पण गुन्हा त्याच्यासमोर घडलेला, दखलपात्र आणि अजामीनपात्र असावा लागतो. हयगयीने गाडी चालवून कुणाचा मृत्यू घडवणं हा साधारणपणे जामीनपात्र गुन्हा आहे. उलट जखमीला हात देणाऱ्याच्या पाठीशी कायदा उभा आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134-अ आलं, आणि सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दावा लावता येत नाही, नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

एक प्रसंग मात्र वेगळा. 1 जानेवारी 2023 ला दिल्लीत कंझावला इथे एक तरुणी गाडीखाली अडकून कित्येक किलोमीटर फरफटत गेली. गाडीखाली माणूस असेल तर ती गाडी थांबवणं हेच त्याला वाचवणं. तिथे हॉर्न वाजवा, ओरडा, अंतर राखून मागे राहा, 112 ला क्षणाक्षणाचा ठावठिकाणा द्या.

एरवी आपली गाडी जखमीच्या मागे आडवी लावून चारही इंडिकेटर चालू करा. 108 ला फोन करा. रक्त वाहत असेल तिथे कापड दाबून धरा. मान हलवू नका, पाणी पाजू नका. आणि नंबर लगेच लिहून ठेवा, कारण दोन मिनिटांत आकडे डोक्यात उलटसुलट होतात.

ती चार पोरं अर्ध्या तासाने हात हलवत परत आली. पिकअप त्यांना आळेफाट्याच्या गर्दीत दिसेनासा झाला होता. नंबर मिळाला तो रस्त्याकाठच्या रसवंतीवाल्याकडून. त्याने तो उधारीच्या वहीत, मागच्या पानावर लिहून ठेवला होता.