सनदेपासून न्यायासनापर्यंत

कायद्यातील एक शब्द किती जणींची वाट अडवू शकतो, याचे उदाहरण वकिली व्यवसायाच्या इतिहासात सापडते. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अॅक्टमध्ये सनदेस पात्र ठरणाऱ्यांसाठी 'व्यक्ती' असा शब्द होता. १९१६ साली रेजिना गुहा यांनी अर्ज केला, तेव्हा या 'व्यक्ती'त स्त्रीचा समावेश होत नाही, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने दिला. त्यांना कायद्याची पदवी मात्र त्याच शहरातील विद्यापीठाने दिलेली होती! नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी तर १८९२ मध्येच ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाची सनद त्यांच्या हाती पडली १९२१ साली. अखेर १९२३ च्या स्वतंत्र कायद्याने हा अडसर दूर झाला.

तथापि, सनद मिळणे निराळे आणि पक्षकार मिळणे निराळे. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला बॅरिस्टर मिठन टाटा (विवाहोत्तर लाम) यांना पहिले काम ज्या कारणाने मिळाले, ते बोलके आहे. आपली बाजू भक्कम असल्याची पक्षकाराची खात्री होती. प्रतिपक्षावर एका स्त्रीकडून पराभूत होण्याची नामुष्की यावी, एवढीच त्याची इच्छा होती! याच मिठनबाई १९४७ साली मुंबईच्या पहिल्या महिला नगरपाल झाल्या.

न्यायासनाची वाट याहूनही लांबची ठरली. मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ ची. तेथील पहिल्या महिला न्यायमूर्ती श्रीमती सुजाता मनोहर यांची नियुक्ती झाली ती १९७८ मध्ये, तब्बल ११६ वर्षांनी.