पंढरपूर येथील अत्याचारपीडित-साहाय्य परिषद : स्वागताध्यक्षांचे भाषण



चंद्रभागेच्या तीरी आपले स्वागत करण्याचा मान, तीन पिढ्या कुंकू-बुक्क्याच्या पेढीवर बसून तळहात लाल करून घेतलेल्या, कायदा व वैद्यक या दोन्हींत सर्वस्वी अनभिज्ञ अशा माझ्यासारख्याकडे यावा, हा स्वागत समितीचा प्रमाद आपण पोटात घालावा. गावाविषयी मात्र मला बोलू द्या. नामदेवपायरी, चोखोबांची समाधी, आणि १९४७ च्या मे महिन्यात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसून साने गुरुजींनी हरिजनांकरिता उघडवलेले मंदिराचे दार, हे आपण जाणताच. परंतु येथे न्यायाधीश म्हणून आलेल्या लालशंकर उमियाशंकर नामक गुजराती सद्गृहस्थांनी १८७५ साली याच गावात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले व प्रार्थना समाजाने ते पुढे सांभाळले, हे आमच्या पोरांना सांगता येणार नाही. मोठ्यांना तरी कुठे येते! पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी असे घर १८६३ सालीच उघडले होते, हे मान्य; पण यात्रेच्या गर्दीत कोणी कोणास ओळखत नाही, म्हणून दिवस राहिलेल्या विधवेस दर्शनाचे निमित्त सांगून येथे आणून सोडणे घरच्यांना सोयीचे पडे. त्यांतल्या कितीजणींवर आप्तानेच बळजोरी केली असेल, ते कोणत्या दप्तरात सापडणार? मूल टाकल्याबद्दल कोर्टात उभी राही ती आई. दुसरा गुन्हेगार ओसरीवर पान जमवीत बसलेला असे.

आजच्या विषयाशी याचा संबंध मी जोडणार होतो, तो कालच आपोआप जोडला गेला. आमच्या एका उत्साही स्वयंसेवकाने नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकीस नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, मुक्काम, तालुका विचारण्याचा सपाटा लावला. एका बाईंनी रकाना कोरा ठेवला, तर हा म्हणतो, ‘काकू, नाव राहिलं की!’ त्या काही न बोलता पिशवी उचलून दाराकडे निघाल्या. तेव्हा एका वकीलबाईंनी मला बाजूस घेऊन देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातील १९७२ चे बलात्काराचे प्रकरण, १९७८ ची पोलिसांची निर्दोष सुटका, त्या निकालाविरुद्ध चार कायदेपंडितांचे खुले पत्र, आणि त्यानंतर १९८३ साली पीडितेचे नाव छापणे हा कसा गुन्हा ठरला, ते सारे सांगितले. ते रजिस्टर आता माझ्या पेढीच्या तिजोरीत आहे. बिल्ले कोरे आहेत. त्या बाई समोरच बसल्या आहेत. कोठे, ते सांगत नाही.

व्यवस्थेतील उणिवा पुष्कळ आहेत. मठाच्या खोल्यांना आतून कड्या नव्हत्या, हे ध्यानात येताच रात्री अकरा वाजता सुतार आणला. कढत पाणी अजून तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. धान्य देणारे आडते, मंडप फुकट घालणारे ठेकेदार, दोन दिवस ओवऱ्या मोकळ्या करून देणारे मठाधिपती, पोळ्या लाटणाऱ्या माताभगिनी, यांचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही. देणगीदारांची नावे मात्र, त्यांच्याच आग्रहास्तव, बाहेरच्या फलकावर रकमेसह ठळक रंगविली आहेत. पंगत साडेबारास बसेल. आमटी तिखट असल्यास ताक मागून घ्यावे.