अंगणात आलेली शाळा



आज आपण लहान मुलांच्या शाळेविषयी बोलू. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागात पुष्कळ आईबाप सकाळीच कामाला जातात. कोणी भातशेतावर, कोणी कारखान्यात, कोणी शिवणकामाला. मागे राहते चार वर्षांचे पोर. त्याला सांभाळते त्याची आठ-नऊ वर्षांची ताई. म्हणजे धाकट्यापायी थोरलीची शाळा बुडते.

ही अडचण जुनीच आहे. पूर्वी ठाणे जिल्हा पार समुद्रकाठच्या बोर्डीपर्यंत होता. २०१४ पासून बोर्डी पालघर जिल्ह्यात गेली. त्या बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. शाळा उघडली, पण गरीब वस्तीतली मुले काही येईनात. मग या बायाच वस्तीवर गेल्या. कुणाच्या तरी अंगणात बसल्या. मुलांचे हातपाय धुतले, केस विंचरले, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. आयांच्या डोळ्यांदेखत शाळा भरू लागली. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी.

पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली लोकांचे पाडे. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी, नि आपण वर्गात जाऊन बसे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर नेली! आम्हांला ही युक्ती फार मोलाची वाटते. मुलगी शाळेत का येत नाही, हे त्यांनी आधी पाहिले. तिला बोल लावला नाही.

आता काही जण म्हणतात, "तिथं शिकवतात काय? पोरं नुसती खेळतात." बघा हं, मूल चिंचोके मोजते, तेव्हा गणित शिकते. लहान दगड इकडे, मोठा दगड तिकडे ठेवते, तेव्हा त्याला फरक कळतो. मातीचा गोळा वळताना बोटांना बळ येते. बोटांना बळ नसेल तर उद्या पेन्सिल कशी धरणार? गाण्यातून नवे शब्द येतात. आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, हेही तिथेच समजते. चार वर्षांच्या मुलाला पाटी देऊन 'गिरव' म्हणून दटावणे आम्हांला पसंत नाही. त्याने शाळेची धास्ती बसते. आणि ही साधने महाग नाहीत. बिया, पाने, शंख-शिंपले सगळे आपल्या भोवतीच आहे.

२ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने देशात अंगणवाड्यांची योजना सुरू केली. तीन ते सहा वर्षांची मुले तिथे बसतात. त्यांना ताजा आहार मिळतो. त्याहून लहान बाळांचेही वजन करतात. वजन वाढत नसेल तर सेविका आईला वेळेवर सांगते. लस टोचायची तारीखही तीच सांगते. गरोदर बाईलाही तिथे आहार मिळतो. फी काही नाही.

तेव्हा ज्यांचे मूल तीन वर्षांचे झाले आहे, त्यांनी जवळच्या अंगणवाडीत सेविकाताईंना भेटून त्याचे नाव घाला. लसीचे कार्ड बरोबर न्या. दुपारी मुलाला आणायला कोण जाणार, तेही घरात आधीच ठरवा. ते काम थोरलीवर टाकू नका. तिची शाळा तेव्हा सुटलेली नसते.