वजाबाकी आधी हातांनी, मग पाटीवर

पहिली-दुसरीतल्या मुलांना वजाबाकी शिकवताना पाटी जरा बाजूला ठेवा. दहा चिंचोके द्या, त्यातले चार काढायला सांगा आणि उरलेले त्यांनाच मोजू द्या.

हातच्याच्या वजाबाकीसाठी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा. समजा, 32 मधून 15 काढायचे आहेत. म्हणजे तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. दोनातून पाच जात नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडा. सुट्या काड्या झाल्या बारा. त्यातल्या पाच काढल्या, सात उरल्या. दोन गठ्ठ्यांतला एक काढला, एक उरला. उत्तर आलं 17. पडताळ्यासाठी 17 आणि 15 यांची बेरीज करून घ्या. आणि मूल बोटांवर मोजत असेल, तर रागावू नका, मोजू द्या.