दिव्याचा रंग, रोपाची वाढ आणि पाणी



हल्ली रोपवाटिकेत, शेवंतीच्या प्लॉटमध्ये आणि ड्रॅगन फ्रूटच्या बागेत एलईडी दिवे दिसू लागले आहेत. 'हे रंगीत दिवे लावा, पीक जोमानं वाढेल, पाणीही कमी लागेल,' असं विकणारा सांगतो. यात खरं किती, हे खिशात हात घालण्यापूर्वी समजून घेऊ.

रोपाला प्रकाश दोन कामांसाठी लागतो. एक अन्न तयार करायला आणि दुसरं ऋतू ओळखायला. अन्नासाठी प्रकाश पुष्कळ लागतो. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. शेतात टांगलेल्या दिव्याखाली पिकावर जेमतेम १०० लक्स पडतो, म्हणजे हजारावा हिस्सा. एवढ्यावर पिकाचं पोट भरत नाही. पण ऋतूची खूण पटायला तेवढा पुरतो.

ही खूण मुख्यतः तांबड्या प्रकाशाची असते. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी १९५२ साली लेट्यूसच्या बियांवर प्रयोग केला. तांबडा प्रकाश दिला की बी उगवे. त्यानंतर तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश दिला की उगवण थांबे. शेवटी जो प्रकाश मिळाला, त्याचं बी ऐके.

शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते. दांडा लांब हवा असेल तर मध्यरात्री तीन-चार तास दिवे लावून रात्र तोडतात. दिवे बंद केले की कळ्या येऊ लागतात. ड्रॅगन फ्रूटचं उलटं आहे. ते मोठ्या दिवसात फुलतं, म्हणून व्हिएतनाममध्ये रात्री दिवे लावून बिगरहंगामी फळ घेतात. मात्र कडाक्याची थंडी असेल तर नुसत्या दिव्यांनी काम होत नाही.

आता निळा प्रकाश आणि पाणी. पानावर बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. निळ्या प्रकाशानं ती उघडतात. हवा आत जाते, तसं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. निळ्यामुळे रोप ठेंगणं व दणकट राहतं. नुसत्या तांबड्याखाली ते बहुधा लांबट वाढतं. म्हणून बंद खोलीतल्या रोपांना दोन्ही रंग मिळून, किंवा चांगला पांढरा दिवा द्यावा. निळा म्हणजे पाणी वाचवणारा, असं मात्र समजू नका.

उघड्या शेतात पाण्याची गरज ऊन, वारा, उष्णता आणि हवेतला ओलावा ठरवतात. तिथं दिव्याच्या रंगानं पाणी वाचेल, ही आशा धरू नये. त्या पैशात ठिबक आणि आच्छादन जास्त कामाचं.

बंद खोलीत रोपं करत असाल तर स्वतःच पडताळा घ्या. एकाच दिवशी पेरलेले, सारख्या रोपांचे दोन ट्रे घ्या. दोन्हींना सारखं पाणी द्या, निथळू द्या आणि काट्यावर वजन करा. एक पांढऱ्या दिव्याखाली, दुसरा रंगीत दिव्याखाली सारख्याच अंतरावर ठेवा. चोवीस तासांनी पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम घट, तितके मिलिलिटर पाणी गेलं. असं आठ दिवस लिहून ठेवा आणि रोपाची उंची व मुळंही बघा. पाणी कमी गेलं पण रोप किरटं राहिलं, तर ती बचत नव्हे.

विजेचाही हिशेब मांडा. १० वॉटचे १०० दिवे रोज ४ तास चालवले, तर रात्रीला ४ युनिट लागतात. २० रात्रींत ८० युनिट. जादा दांडा किंवा बिगरहंगामी फळ यातून हा खर्च आणि दिव्यांची किंमत निघते का, ते आधी पाहा. ओलाव्यात वायर उघडी ठेवू नका. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

तात्पर्य काय, तर फुलाची वेळ बदलायची असेल किंवा बंद जागेत रोपं करायची असतील तर दिवा घ्या. शेतातल्या उभ्या पिकासाठी सूर्यनारायण आहेच. आधी एका वाफ्यावर करून बघा, मग पुढचं पाऊल टाका.

बरं तर, राम राम!