नांगर ते पंप, त्याच छपराखाली

सातारा-सांगलीच्या एमआयडीसींतून आजचे डिस्पॅच सांभाळून आलेल्या उद्योजक बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीने चहासोबत भडंग आणि कंदी पेढे दोन्ही ठेवले आहेत. दोन जिल्ह्यांतला वाद आम्हाला परवडणारा नाही.

आता विषयाकडे येतो. कारखान्याची मांडणी गरजेप्रमाणे चटकन बदलता यावी, हा विचार मिशिगन विद्यापीठाच्या योराम कोरेन यांनी नव्वदच्या दशकात शास्त्रशुद्ध मांडला. आपल्याकडे तो त्याआधीच हाताने केलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारला. तिथे नांगर झाले, कडबा कापायची यंत्रे झाली, पुढे पंप झाले. धनजीशा कूपर यांचा सातारारोडचा कारखानाही नांगरावरून डिझेल इंजिनावर गेला. फौंड्रीला नांगराचा फाळ काय आणि पंपाचे केसिंग काय! लाकडी पॅटर्न बदलला, की तीच वाळू आणि तीच भट्टी नव्या मालाला चालते.

आपण मात्र एका गिऱ्हाइकाच्या एका पार्टसाठी एसपीएम, म्हणजे त्याच एका कामाची खास मशीन, घेतो. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-६ निकष लागू झाले आणि अनेक छोट्या डिझेल मोटारी बंदच झाल्या. असा पार्ट गेला की एसपीएमवर ताडपत्री पडते, बँकेचा हप्ता चालू राहतो.

सीएनसी घेतली म्हणजे सुटलो, असेही नाही. प्रोग्रॅम मिनिटात बदलतो. पण जुने फिक्स्चर उतरवा, नवे चढवा, डायल लावून रनआउट काढा, पहिला पीस क्वालिटीकडे पाठवा आणि तो पास होईपर्यंत मशीन उभी! अर्धी शिफ्ट तिथेच जाते. बेडवर लोकेटिंग पिना कायमच्या ठरलेल्या असतील आणि पुढचे फिक्स्चर मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर तयार असेल, तर यातला बराच वेळ वाचतो. शिगेओ शिंगो यांनी टोयोटात प्रेसची डाय बदलण्याचे चार तासांचे काम तीन मिनिटांवर आणले, ते मुख्यतः याच विचाराने. माझ्या मते, नवी मशीन घेण्याआधी हे करून बघायला हवे.

आणि हे मालकांपेक्षा सेटरला जास्त कळते. म्हणून एक विनंती: दुपारच्या सत्राला आपापल्या सेटर मंडळींना घेऊन या आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवा. मागे आम्ही बसू.