आधी ब्रेक, मग इंजिन

आम्ही दोघी जावा, यवतमाळच्या. मागं एकदा याच रेडिओवर आम्ही लोणच्यांविषयी बोललो होतो. त्यामुळं या वेळी गाडीच्या शर्यतीवर बोलतो म्हटल्यावर इथल्या ताई आधी हसल्याच. पण दोन वर्षं घरचा हिशेब ज्या गाडीभोवती फिरतोय, तिच्याबद्दल आम्ही नाही बोलायचं तर कोणी?

गाडी आहे काँटेसा, आमच्या सासऱ्यांची. हिंदुस्थान मोटर्सनं ही गाडी १९८४ मध्ये आणली आणि २००२ मध्ये बंद केली. मूळ साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. लांब नाक, रुंद अंग, आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. अमेरिकेतल्या मसल कारच्या जवळ जाणारी आपली गाडी कोणती, असं जुन्या गाड्यांच्या शौकिनांना विचारा, ते हिचंच नाव घेतात. सासरे गेल्यापासून ती कापसाच्या शेडमध्ये उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. थोरलीची लेक मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि म्हणाली, हिला भंगारात द्यायचं नाही, ट्रॅकवर उतरवायचं.

आपल्याकडं शंकरपट सगळ्यांना ठाऊक. शेतातली बंडी पटात कोणी नेत नाही, त्यासाठी हलका छकडा लागतो, हेही आपल्याला सांगावं लागत नाही. पण पटात जोडी सरळ धावते. गाड्यांचा हा ट्रॅक वळणावळणाचा असतो. कोइम्बतूरजवळ चेट्टीपालयमला कारी मोटर स्पीडवे आहे. एस. करिवर्धन नावाचे शर्यतपटू होऊन गेले, त्यांच्या नावाचा, २००३ मध्ये सुरू झालेला. एक फेरी दोन किलोमीटरहून थोडी जास्त. तेवढ्यात कितीदा तरी वेग वाढवायचा, दाबून ब्रेक मारायचा, वळायचं, पुन्हा वेग घ्यायचा. लेकीला उतरायचं होतं वेळेच्या फेऱ्यांत. त्यात सगळ्यांत कमी वेळाची फेरी धरतात.

पहिल्या वर्षी आम्ही पैसे घातले इंजिनात आणि रंगात. खरं सांगायचं तर रंगाचा हट्ट आमचाच होता. कापसाचे थोडे, भिशीचे थोडे. बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. म्हणून तिला ट्रेलरवर चढवलं. पांढरकवड्यावरून हैदराबाद, बंगळूरू, आणि मग कोइम्बतूर. सुमारे तेराशे किलोमीटर.

सहाव्या फेरीत सरळ पट्टा संपताना लेकीनं ब्रेक दाबला, तर पेडल तळाला टेकलं. तिनं दोनतीनदा पाय मारला, गिअर खाली घेतला, तरी गाडी वळण सोडून मातीत घुसली आणि टायरांच्या भिंतीअलीकडं थांबली. आम्ही जाळीपलीकडं उभ्या. धूळ बसेपर्यंत आमच्या तोंडून शब्द निघाला नाही. लेक स्वतः चालत बाहेर आली. धाकटी तिथंच खाली बसली.

काय झालं ते नंतर तिनंच समजावलं. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणं. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. ब्रेक ऑइल मिठासारखं हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३ हे ऑइल कोरं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरला की १४० अंशांवरही उकळू शकतं. नळीत वाफ झाली की पाय वाफेलाच दाबतो, चाकापर्यंत जोर पोचत नाही. आमच्या गाडीत कितीतरी वर्षांचं जुनं ऑइल होतं. पाचशे रुपयांच्या आसपासचं काम, आणि आम्ही रंग निवडत बसलो होतो.

घरी आल्यावर सासूबाईंनी एकच विचारलं, "तुमी दोघी हिशेब ठेवता ना वं? मंग रंगाले पैसे कायले देले? पोरीले पयले थांबता आलं पायजे."

दुसऱ्या वर्षी यादी आम्ही केली. मिस्त्रीदादांना टर्बो बसवायचा होता. आम्ही इंजिनाला हात लावू दिला नाही. आधी ब्रेक: नव्या नळ्या, जास्त उष्णता सोसणारे पॅड, डॉट ४ ऑइल, आणि पुढच्या ब्रेकला वारा पोचवणारे पाइप. मग टायर. टायरच्या कडेला चार आकडे असतात ते बघा, २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आमचे बाहेरून नवेकोरे दिसणारे टायर लेकीपेक्षा थोडेच लहान निघाले! तुमच्या घरच्या गाडीचेही आजच वाचा.

मग वळणाचं काम. हिची मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या ॲक्सलवर, बंडीच्या आसासारखी. वळणात अंग कलतं आणि आतलं चाक हलकं पडतं. त्यासाठी कडक स्प्रिंग, नवे शॉकअप आणि सुजलेल्या रबरी बुशांच्या जागी टणक बुश. काँटेसाचे सुटे भाग मिळवणं हा वेगळाच धंदा, दिल्लीच्या मायापुरी बाजारापर्यंत फोन झाले. लांब वळणात कळशीतल्या पाण्यासारखं इंजिन ऑइल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, म्हणून ऑइलच्या टाकीत आडव्या पट्ट्या मारल्या. वजन कमी करायला गालिचे आणि मागची सीट काढली. ती सीट आता ओसरीत आहे, सासूबाई तिच्यावर बसून तूर निवडतात. काढलेल्या वजनातलं बरंचसं लोखंडी पिंजऱ्यानं परत आणलं, पण त्याबद्दल तक्रार नाही. गाडी उलटली तर छत त्यावरच तोलायचं. आग विझवायचं नळकांडं लेकीच्या हाताशी. स्पर्धेसाठी फेडरेशनचं लायसन्स लागतं, तेही तिनं काढलं.

दुसऱ्या खेपेला सरळ पट्ट्यावर गाडी आधीइतकीच धावली. पण लेक ब्रेक उशिरा मारू शकली, वळणातून लवकर निघाली, आणि फेरीत चार सेकंद वाचले. नंबर आला नाही. पुढच्या सगळ्या गाड्या हलक्या आणि नव्या होत्या.

आमच्यात अजून एकमत नाही. धाकटी म्हणते, एवढ्या पैशांत शेताला ठिबक झालं असतं, आणि तिचं चूक नाही. थोरली म्हणते, लेक हिशेब करून धोका घेते, हे आपण पाहिलं. दोघींचं जमतं ते एवढ्यावर की ब्रेक ऑइल दर खेपेला नवीन, आणि त्याची पावती आमच्या वहीत. आता रेडिएटर उघडलाय, यवतमाळच्या उन्हात तो टिकायला हवा. पुढची खेप कापूस निघाल्यावर.